रीब्रीदर घरी बनेल, पण त्याची चाचणी घरी होणार नाही

ऑक्सिजन सेन्सर, आर्डुइनो, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, छोटा डिस्प्ले, पीव्हीसी पाइप आणि दोन लवचिक नळ्या. यादी वाचून काय वाटतं? फायनल इयर प्रोजेक्टचं सामान. यातलं बरंचसं फोनवरून मागवलं तर आठवड्याभरात घरी येतं. जोडायचे भाग थ्रीडी प्रिंटरवर काढता येतात. कंट्रोलरचा कोड एआय चॅटबॉट पाच मिनिटांत लिहून देतो. जगात असे हौशी लोक आहेत, जे अशाच सामानातून एक यंत्र बनवतात, ते पाठीला बांधतात आणि खोल पाण्यात उतरतात. त्या यंत्राचं नाव क्लोज्ड सर्किट रीब्रीदर.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. रीब्रीदरकडे मी आधी एक कंट्रोल सिस्टिम म्हणूनच पाहिलं. सेन्सर वाचायचा, आकडा कमी असेल तर व्हॉल्व्ह उघडायचा, पुरेसा झाला की बंद करायचा. कोड म्हणून पाहिलं तर गीझरच्या थर्मोस्टॅटपेक्षा फार अवघड नाही. म्हणूनच हा विषय आत्ता समजून घ्यायला हवा. आपल्याकडे स्कूबा आता फक्त श्रीमंतांचा छंद राहिलेला नाही. तारकर्लीला एमटीडीसीची डायव्हिंग संस्था आहे, मालवणला सुट्टीत रांगा लागतात. २०२४मध्ये सेवेतून निवृत्त झालेली नौदलाची आयएनएस गुलदार ही नौका निवतीजवळच्या समुद्रात पाण्याखालचं संग्रहालय करण्यासाठी एमटीडीसीकडे दिली आहे. पाण्याखाली जाणारी मराठी मुलं वाढणार आहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या टेबलावर आर्डुइनोही असणार आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या की ‘आपणच बनवू या का?’ हा प्रश्न पडणारच.

माझं म्हणणं आधीच सांगतो. यंत्र बनवायचा खर्च गेल्या दहा-पंधरा वर्षांत खूप उतरला. ते यंत्र जीव सांभाळेल याची खात्री करून घ्यायचा खर्च मात्र होता तिथेच आहे. घरगुती रीब्रीदरचा सगळा धोका या दोन खर्चांमधल्या फरकात आहे.

हे यंत्र करतं काय?

साध्या स्कूबामध्ये तुम्ही सिलिंडरमधून श्वास घेता आणि तो बुडबुडे करून पाण्यात सोडून देता. याला ओपन सर्किट म्हणतात. आत घेतलेल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, बाहेर टाकलेल्या हवेत अजून १६ टक्क्यांच्या आसपास शिल्लक असतो. म्हणजे बहुतेक ऑक्सिजन वापरलाच जात नाही. खोलीवर तर ही उधळपट्टी आणखी वाढते. पाण्यात दर १० मीटरला साधारण एक बार दाब वाढतो. २० मीटरवर दाब ३ बार, म्हणजे तोच एक श्वास भरायला तिप्पट हवा लागते.

रीब्रीदर तोच श्वास पुन्हा वापरतो. बाहेर टाकलेली हवा नळीतून एका डब्यात जाते. डब्यात सोडा लाइमचे दाणे असतात, ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात. पुढे एक लवचिक पिशवी असते, तिला काउंटरलंग म्हणतात. सेन्सर त्या हवेतला ऑक्सिजन मोजतात, जेवढा खर्च झाला तेवढा एका छोट्या सिलिंडरमधून सोडला जातो आणि तीच हवा परत तोंडात येते. दुसऱ्या सिलिंडरमध्ये साधी हवा किंवा हेलियम मिसळलेला वायू असतो. खाली जाताना पिशवी दाबली जाते तेव्हा तो भरला जातो.

फायदा मोठा आहे. सावकाश पोहणाऱ्या माणसाला मिनिटाला साधारण एक लिटर ऑक्सिजन लागतो आणि खोली कितीही असली तरी हा आकडा जवळपास तोच राहतो. दोन-तीन लिटरच्या सिलिंडरवर तासन् तास निघतात. बुडबुडे नसल्यामुळे मासे बिचकत नाहीत. गुहेत डायव्हिंग करणारे, बुडालेली जहाजं शोधणारे, सागरी जीवांचं चित्रीकरण करणारे या यंत्राच्या मागे असतात ते यासाठीच. कंपनीचा नवा रीब्रीदर घ्यायचा तर काही लाख रुपये जातात, म्हणून काहींना तो घरी बनवायचा मोह होतो.

घरी बनवणं नवं नाही

‘घरगुती’ म्हटलं की आपण लगेच नाक मुरडतो. पण या यंत्राचा इतिहासच कार्यशाळांमधला आहे. हेन्री फ्लूस या इंग्रज खलाशाने १८७८च्या सुमारास पहिला चालणारा ऑक्सिजन रीब्रीदर बनवला. कार्बन डायऑक्साइड शोषायला त्याने कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेला दोराचा काथ्या वापरला होता. ब्रिटनमधल्या सेव्हर्न बोगद्याच्या कामात पाणी भरलं होतं, तेव्हा १८८०मध्ये अलेक्झांडर लँबर्ट हा डायव्हर हेच यंत्र घालून अंधारात शेकडो फूट आत गेला आणि लोखंडी दरवाजा बंद करून आला.

१९६८मध्ये अमेरिकेत वॉल्टर स्टार्क आणि जॉन कॅनविशर यांनी इलेक्ट्रोलंग आणला. ऑक्सिजन मोजून आपोआप सोडणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, मायक्रोकंट्रोलर जन्मायच्या आधीचं. पुढे बिल स्टोन या अमेरिकन इंजिनिअरने स्वतःचा रीब्रीदर बनवला आणि १९८७मध्ये फ्लोरिडातल्या वकुला झऱ्यात तो वापरून सलग २४ तास पाण्याखाली काढले. सर्वसामान्य डायव्हरला दुकानातून विकत घेता येईल असा इन्स्पिरेशन रीब्रीदर ब्रिटनमध्ये आला तो १९९७मध्ये.

आणि थायलंडची थाम लुआंग गुहा आठवते? जून २०१८मध्ये फुटबॉल टीमची १२ मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक आत अडकले होते. पाणी उपसायच्या कामात मदत करायला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही तिथे गेले होते. २ जुलैला या मुलांपर्यंत पहिल्यांदा पोहोचले ते दोन ब्रिटिश डायव्हर, रिक स्टँटन आणि जॉन वोलँथन. स्टँटन अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, वोलँथन आयटी सल्लागार. स्टँटन हे स्वतःच्या हाताने रीब्रीदर बनवणारे म्हणून प्रसिद्ध आहेत. २०१०मध्ये स्पेनमधल्या पोझो अझुल गुहेत त्यांची टीम सुमारे ८.८ किलोमीटर आत गेली होती. मुलांना बाहेर काढताना मात्र रीब्रीदर नव्हते. त्यांना पूर्ण चेहरा झाकणारे मास्क आणि साधे सिलिंडर लावले होते.

म्हणजे घरी बनवणारे सगळे वेडे असतात असं नाही. पण या माणसांनी किती वर्षं घालवली ते पाहा. स्टँटन यांच्यामागे गुहांमधली कित्येक दशकं होती. स्टोन यांनी पहिल्यांदाच अवघड मोहिमेत उडी न मारता २४ तासांची चाचणी घेतली. आपल्याला व्हिडिओत यंत्र दिसतं, त्यामागची वर्षं दिसत नाहीत.

शरीरात ऑक्सिजनचा अलार्म नाही

श्वास रोखून धरला की जीव घाबरा होतो. आपल्याला वाटतं, ऑक्सिजन संपला म्हणून. खरं तर ती धडपड मुख्यतः वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. कार्बन डायऑक्साइड निघून जात असेल आणि ऑक्सिजन तेवढा कमी होत असेल, तर शरीर जवळजवळ काहीच सांगत नाही. माणूस आधी थोडा गोंधळतो, कधी मजेतही असतो, आणि मग एकदम शुद्ध हरपते.

आपल्याकडे बंद पडलेल्या विहिरीत किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरलेला माणूस वर येत नाही, त्याला काढायला गेलेला दुसराही येत नाही, अशा बातम्या दरवर्षी येतात. आत काही गडबड आहे हे कळेपर्यंत हातपाय चालेनासे होतात. जुनी माणसं विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील खाली सोडून बघायची, तो विझला तर उतरायचं नाही. रीब्रीदरमधला ऑक्सिजन सेन्सर म्हणजे तो कंदील. फरक एवढाच, की इथे माणूस आणि कंदील दोघंही आधीच विहिरीत आहेत.

आता थोडं गणित. डायव्हर टक्केवारीपेक्षा ऑक्सिजनचा आंशिक दाब पाहतात, त्याला पीओटू म्हणतात. आपण बसलोय त्या खोलीत तो ०.२१ बार आहे. ०.१६च्या खाली धोका सुरू होतो. वरच्या बाजूला १.६ ही कमाल मर्यादा मानतात. त्यापुढे ऑक्सिजनच विष होतो, अचानक झटके येऊ शकतात आणि झटका आला की तोंडातला माउथपीस सुटतो. रीब्रीदर बहुतेक वेळा १.२ किंवा १.३वर ठेवतात.

समजा तुम्ही २० मीटरवर आहात, पीओटू १.२ आहे, लूप आणि फुप्फुसं मिळून १० लिटर जागा आहे. इथे सोलेनॉइड व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला. शरीर मिनिटाला एक लिटर ऑक्सिजन खातंय. आठ-दहा मिनिटांत पीओटू ०.४वर येतो. तुम्हाला काहीच जाणवत नाही, आणि जाणवणार तरी कसं? ०.४ म्हणजे खोलीतल्या हवेच्या जवळपास दुप्पट. तुम्ही आरामात वर यायला लागता. दाब ३ बारवरून १ बारवर येतो आणि त्याच हवेतला पीओटू ०.१३ होतो. किनारा दिसत असताना, शेवटच्या काही मीटरमध्ये माणूस बेशुद्ध पडतो. सगळ्यात सुरक्षित वाटणाऱ्या जागी.

आपल्या ॲपमध्ये बग असेल तर ॲप क्रॅश होतं, युजर एक स्टार देतो, आपण पॅच टाकतो. इथे क्रॅश होतो तो युजर, आणि ॲप ‘सगळं ठीक’ दाखवत राहू शकतं.

तीन सेन्सर, आणि चुकीचं बहुमत

मी टेबलावर एक छोटा प्रयोग केला. गॅल्व्हॅनिक ऑक्सिजन सेन्सर, १६ बिटांचा एडीसी आणि आर्डुइनो. असा सेन्सर म्हणजे एक प्रकारची बॅटरीच. ऑक्सिजन जितका जास्त, तितका व्होल्टेज जास्त. साध्या हवेत साधारण ८ ते १३ मिलिव्होल्ट मिळतात, माझा १०च्या आसपास होता. एडीसीची एक पायरी सात-आठ मायक्रोव्होल्टची, म्हणजे मोजमाप पुरेसं बारीक. सेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला, पिशवीत श्वास सोडला आणि आकडा सावकाश खाली घसरला. एका संध्याकाळचं काम. इथेच बऱ्याच जणांना वाटतं, झालं की! आता व्हॉल्व्ह जोडायचा बाकी.

पण हा सेन्सर वापरून संपतो. साधारण वर्ष-दीड वर्षात तो म्हातारा होतो आणि म्हातारपणी त्याला एक खोड लागते. कमी ऑक्सिजनला तो बरोबर आकडा देतो, पण एका मर्यादेच्या वर जातच नाही. समजा ती मर्यादा १.१ आहे. साध्या हवेत तपासलं, ०.२१, बरोबर. शुद्ध ऑक्सिजनमध्ये तपासलं, १.०, बरोबर. दोन्ही टेस्ट पास. पाण्यात कंट्रोलरला सांगितलंय की पीओटू १.३ ठेव. सेन्सर म्हणतो १.१. कंट्रोलर ऑक्सिजन सोडतो. सेन्सर अजून म्हणतो १.१. कंट्रोलर आणखी सोडतो. खरा आकडा १.५, १.८, २च्या पुढे चाललाय आणि कोडमध्ये एकही चूक नाही.

हा बिघाड घरात पकडताच येत नाही, कारण जमिनीवर शुद्ध ऑक्सिजनचा पीओटू सुमारे १च असतो. त्याच्यावरचं मोजायला सेन्सर दाबाखाली तपासायची सोय हवी. माझ्या टेबलावर ती नव्हती आणि बहुतेकांच्या टेबलावर नसते. मुद्दा सगळा इथे आहे. ज्या परिस्थितीत यंत्र फसतं, ती परिस्थिती घरात तयार होत नाही.

मग एकाऐवजी तीन सेन्सर लावू! बाजारातल्या बहुतेक यंत्रांत तीन असतातच. बोइंग ७३७ मॅक्सच्या २०१८ आणि २०१९मधल्या दोन अपघातांत विमानाचं नाक खाली ढकलणारं सॉफ्टवेअर एकाच सेन्सरवर विसंबून होतं हे आता सगळ्यांना माहीत आहे. तीन असतील तर दोघांचं जुळेल, वेगळं बोलणाऱ्याला बाहेर काढता येईल. याला व्होटिंग लॉजिक म्हणतात.

पण घरी बनवणारा तीन सेन्सर कसे घेतो? एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच बॅचचे. तिघंही एकाच ओलसर डब्यात, एकाच तापमानाला म्हातारे होतात. दोघांना एकाच सुमाराला १.१ची खोड लागते. तिसरा खरं सांगतोय, १.६. बहुमत म्हणतं १.१. लॉजिक तिसऱ्याला बाहेर काढतं. खरं बोलणारा एकटा पडला आणि मतदानात हरला. कोड रिव्ह्यूमध्ये हे कधीच दिसणार नाही, कारण कोड अगदी बरोबर आहे. ‘तीन सेन्सर स्वतंत्रपणे बिघडतील’ हे गृहीतक चुकलंय.

याशिवाय रोजच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कटकटी आहेतच. श्वासातली वाफ थंड पाण्यात निवते आणि थेंब सेन्सरच्या तोंडावर बसतो, मग आकडा हलतच नाही. स्थिर आकडा बघून डायव्हर खूश. सोलेनॉइड चालू होताना करंट खेचतो, बॅटरी कमकुवत असेल तर व्होल्टेज पडतो आणि आर्डुइनो रीसेट होतो. समुद्राचं पाणी एखाद्या कनेक्टरमध्ये शिरतं. टेबलावर यातलं काहीच घडत नाही.

कॅनडाच्या गॉर्डन स्मिथ यांनी यावर वेगळीच वाट काढली. त्यांच्या किस नावाच्या रीब्रीदरमध्ये ऑक्सिजन एका बारीक छिद्रातून सतत, पण गरजेपेक्षा थोडा कमी येतो. उरलेला डायव्हरने बटण दाबून स्वतः भरायचा. म्हणजे आकडा बघत राहणं भागच पडतं. ऑटोमेशन वाढवण्याऐवजी त्यांनी माणसाला जागं ठेवलं. एआयने सगळं आपोआप करून घ्यायच्या काळात हा विचार लक्षात ठेवण्यासारखा आहे.

चुन्याचा डबा

शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली होती ना? निवळी दुधाळ झाली की कार्बन डायऑक्साइड आहे. सोडा लाइममध्ये तेच रसायन मुख्य असतं, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. कार्बन डायऑक्साइड त्याच्याशी मिळून खडू तयार होतो, पाणी आणि उष्णता बाहेर पडते. दोन-अडीच किलो दाणे साधारण दोन-तीन तास पुरतात. थंड पाण्यात कमी.

सोपं वाटतं, पण हवा आळशी असते, सोप्या वाटेने जाते. डबा सैल भरला, किंवा कडेला फट राहिली, तर हवा दाण्यांना न भेटताच पुढे निघते. डब्यात पाणी शिरलं तर तोंडात येतो तो जळजळीत अल्कलीचा घोट. आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारा भरवशाचा, स्वस्त सेन्सर रीब्रीदरमध्ये सहसा नसतोच.

मग डायव्हर पाण्यात जाण्याआधी पाच मिनिटं यंत्रातून श्वास घेऊन बघतात. काही गडबड असेल तर जाणवेल अशी कल्पना. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५मध्ये हे तपासलं. डब्यात शोषक अजिबात नव्हतं तेव्हा चारातल्या साधारण तिघांना ते जाणवलं, चौथ्याला नाही. शोषक अर्धवट निकामी होतं तेव्हा तर दहातल्या एखाद्यालाच कळलं. ‘मला कळेल’ यावर इथेही विसंबता येत नाही.

डबा नीट असला तरी श्वास किती जोराने ओढावा लागतो हा प्रश्न उरतोच. नळी अरुंद असेल, पिशवी चुकीच्या जागी असेल, खोलीवर वायू दाट झाला असेल, तर श्वासाला जोर लागतो. फुप्फुसं पुरेशी रिकामी होत नाहीत आणि कार्बन डायऑक्साइड शरीरातच साचतो. डेव्ह शॉ हे अनुभवी डायव्हर आणि व्यवसायाने वैमानिक. जानेवारी २००५मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बोसमान्सगाट इथे सुमारे २७० मीटर खोलीवर एका तरुण डायव्हरचा मृतदेह वर आणायच्या प्रयत्नात ते गेले. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात त्यांचा वाढत गेलेला श्वास नोंदला गेला आणि मृत्यूचं कारण साचलेला कार्बन डायऑक्साइडच असल्याचा निष्कर्ष निघाला.

कंपनीच्या यंत्रात वेगळं काय?

सुटे भाग बघाल तर फार वेगळं नाही. फरक चाचणीत आहे. युरोपात रीब्रीदरसाठी ईएन १४१४३ हे मानक आहे. त्यात यंत्राला दाबाच्या टाकीत ठेवून कृत्रिम फुप्फुसं जोडतात. पाणी ४ अंश सेल्सिअस, श्वास मिनिटाला ४० लिटर, त्यात मिनिटाला १.६ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि डबा किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून बघायचं. श्वासाला किती जोर लागतो तेही मोजायचं. माणूस पाण्यात उतरायच्या आधी यंत्राला टाकीत हवं तितकं मारून बघता येतं. घरी बनवलेल्या यंत्रात पहिला टेस्टर आणि पहिला युजर एकच असतो.

म्हणून कंपनीचं यंत्र घेतलं की सुटलो, असंही नाही. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर अँड्र्यू फॉक यांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९९८ ते २०१० या काळातल्या रीब्रीदर वापरणाऱ्यांच्या १८१ मृत्यूंची नोंद आहे. साध्या स्कूबाच्या तुलनेत धोका सुमारे दहापट, असा त्यांचा अंदाज होता. एक ब्रँड वाईट आणि दुसरा चांगला असंही त्यात दिसलं नाही. सुमारे दोन तृतीयांश घटनांत डायव्हरने मोठी जोखीम पत्करल्याची चिन्हं होती. तपासून घेतलेल्या यंत्राची ही कथा. न तपासलेल्याचा हिशोब कुणी ठेवायचा?

जून २०२३मध्ये टायटॅनिकच्या अवशेषांकडे निघालेली टायटन पाणबुडी फुटली आणि पाच जण गेले, ते आठवा. कार्बन फायबरचा सांगाडा, व्हिडिओ गेमचा कंट्रोलर आणि कोणत्याही स्वतंत्र संस्थेचं प्रमाणपत्र नाही. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकी कोस्ट गार्डच्या अहवालाने ही दुर्घटना टाळता आली असती असं म्हटलं. आपल्याकडे त्या कंट्रोलरवर भरपूर मीम आले. गेम कंट्रोलर हा खरा प्रश्न नव्हताच. बाहेरच्या कुणालाही यंत्र तपासू दिलं नाही, हा होता.

याच्या उलट उदाहरण एप्रिल १९७०चं. अपोलो १३मध्ये स्फोट झाल्यावर तीन अंतराळवीर चांद्रयानात बसून परत निघाले आणि आतला कार्बन डायऑक्साइड वाढू लागला. मुख्य यानाचे शोषक डबे चौकोनी, चांद्रयानातली जागा गोल. प्लॅस्टिक, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टी वापरून जोड बनवला गेला. जुगाडच तो. पण आधी जमिनीवरच्या इंजिनिअरांनी तोच जोड तेच सामान घेऊन बनवून तपासला, मग रेडिओवरून एकेक पायरी वर सांगितली. मरण समोर असतानाही त्यांनी चाचणी वगळली नाही.

मग तुम्ही काय कराल?

रीब्रीदरचा कंट्रोलर हा प्रोजेक्ट म्हणून भन्नाट आहे. तो टेबलावर करा. पिशवीत सेन्सर ठेवा, मुद्दाम एक सेन्सर एका आकड्यावर अडकवा, दोन अडकवा, आणि तुमचं व्होटिंग लॉजिक कुणाला बाहेर काढतं ते बघा. बॅटरी उतरवून बघा. लूपचं सिम्युलेशन लिहा, त्यात सोलेनॉइड बंद पाडा आणि २० मीटरवरून वर येताना पीओटूचा आलेख काढा. परीक्षक तुमच्या यंत्रापेक्षा त्याच्या बिघाडांची यादी पाहून जास्त खूश होतील. शुद्ध ऑक्सिजनच्या सिलिंडरशी मात्र घरी खेळू नका. तेलाचा थोडासा अंश असला तरी दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये आग लागू शकते.

पाण्याखालच्या सॉफ्टवेअरची आवड असेल तर सबसर्फेस बघा. डायव्हची नोंद ठेवणारं हे ओपन सोर्स ॲप २०११मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलं, हो, लिनक्सवालेच, ते स्वतः डायव्हर आहेत. त्यात कोड लिहा, बग शोधा, मराठी भाषांतर करून बघा.

आणि प्रत्यक्ष डायव्हिंग करायचं असेल तर तारकर्लीसारख्या ठिकाणी साधा ओपन सर्किटचा कोर्स करा. त्यात बिघाड झाला तर बहुतेक वेळा लगेच कळतं: हवा येत नाही किंवा बुडबुडे सुटतात. पुढे कधी रीब्रीदरकडे वळलात तर त्याच मॉडेलचा कोर्स घ्या, सेन्सरवर तारखा लिहा, तिन्ही एकाच वेळी बदलू नका आणि वेगळा सिलिंडर कायम सोबत ठेवा.

कुणी मित्र घरी बनवलेला रीब्रीदर घेऊन तलावावर निघाला असेल तर त्याला एकच प्रश्न विचारा: “हे १.३वर बरोबर वाचतं हे तू कशावरून म्हणतोस?” त्याच्याकडे दाबाखाली घेतलेल्या चाचणीचा कागद असेल तर पुढे बोला. नसेल तर त्याला पाण्यात जाऊ देऊ नका, भांडण झालं तरी चालेल.